सरांना बोलतं करताना

"काकू, आधी नखं कापून या."

मोबाइलच्या पडद्यावरची ती मुलगी मला हे दुसऱ्यांदा सांगत होती. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझ्याच ऐकण्यात चूक झाली असं वाटलं.

"डाव्या हाताची. अगदी बारीक. नखं असली की तार दाबलीच जात नाही."

मी उठले, नेलकटर शोधला आणि बाथरूमच्या दाराशी उभी राहून पाच नखं कापून आले. पोह्यांच्या डब्याला टेकवलेला मोबाइल तेवढ्यात घसरून पालथा पडला होता. आतून आवाज येत होता, "काकू? आहात का काकू?"

माझं वय तेव्हा चोपन्न. गिटार नावाची वस्तू मी जन्मात पहिल्यांदा मांडीवर घेतली होती. ती माझी नव्हतीच. आमच्या वरच्या खोलीत बँकेतला एक भाडेकरू राहायचा, वसईचा डिमेलो. लॉकडाऊन लागायच्या आठवड्यात तो घरी गेला आणि तिकडेच अडकला. त्याला फोन करून मी विचारलं, तर म्हणाला, "घ्या ना काकू, नुसती पडूनच आहे. फक्त ट्यून करून घ्या." ट्यून करायचं म्हणजे काय करायचं, हे त्याला विचारायची मला लाज वाटली.

शिकवणारी मुलगी नगरची होती, एस्तेर भिंगारदिवे. तिचे क्लास बंद पडले म्हणून ती व्हिडिओवरून शिकवायला लागली होती.

"कुठलं गाणं शिकायचंय?" तिनं विचारलं. "सगळे एखादं आवडतं गाणं ठरवून येतात. मग मी त्या हिशेबानं सुरुवात करते."

"गाणं नाही," मी म्हटलं. "मला 'पाणी' शिकायचंय."

"पाण्यावरचं गाणं?"

"नाही. पाणी. नुसता शब्द. पाणी, चहा, भूक, दुखतं. एवढं वाजवून म्हणता आलं की झालं."

मग मी मोबाइल उचलला आणि शेजारच्या खोलीकडे वळवला. तिथे पलंगावर माझे यजमान उशांना टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला, उजवा गाल किंचित ओघळलेला. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं."

"नमस्कार काका," एस्तेर म्हणाली.

"बरं," ते पुन्हा म्हणाले.

"तेवढाच एक शब्द उरलाय," मी मोबाइल परत स्वयंपाकघरात आणत म्हटलं. "काहीही विचारलं तरी तोच."

आर्वी गावात मनोहर देवतळे हे नाव माहीत नाही असा माणूस सापडणं कठीण. तीस वर्षं त्यांनी शाळेत मराठी शिकवलं. शाळेचं स्नेहसंमेलन असो की कुणाची एकसष्टी, सूत्रसंचालन देवतळे सरांचंच. आवाज असा की मागच्या रांगेतला म्हातारासुद्धा मान हलवायचा. निवृत्त होऊन वर्ष होत नाही तोच, अकरा मार्चला सकाळी, मेंदूत गुठळी झाली. अकरा दिवस नागपूरच्या हॉस्पिटलात काढून घरी आणलं आणि दोन दिवसांत सगळा देश बंद झाला. वाचा-उपचार करणाऱ्या बाई येणार होत्या, त्या आल्या नाहीत. फोनवर त्यांनी मला समजावलं की बोलणं मेंदूच्या ज्या भागात असतं तो भाग मेलाय, पण गाण्याचा भाग दुसरीकडे असतो. शब्द सुरात घालून म्हणा, त्यांच्या डाव्या हातानं ताल द्या, रोज, न कंटाळता. कधी कधी त्या वाटेनं शब्द बाहेर येतात.

माझा गळा असा की आरतीतसुद्धा मी नुसते ओठ हलवते. सूर धरायला काहीतरी वाद्य हवं होतं, आणि बंद गावात, बंद घरात, तेवढी एक गिटारच होती.

एस्तेरनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, दारावरची बेल वाजते ना, टिंग-टाँग? वरचा सूर, खालचा सूर. आपल्याला तेवढंच करायचंय. दोन कॉर्ड शिकवते. जी हा वरचा, ई मायनर हा खालचा. ई मायनरला दोनच बोटं लागतात."

"किती दिवस लागतील?"

"महिन्याभरात हात बसेल."

"मला जूनअखेरपर्यंत त्यांना बोलतं करायचंय," मी म्हटलं. "तीस जूनपर्यंत माझी रजा आहे."

मी पोस्टात नोकरीला होते. तिला वाटलं, रजा संपल्यावर वेळ मिळणार नाही म्हणून मी घाई करतेय. तिला तसं वाटू दिलं.

*

पहिल्या आठवड्यात माझ्या बोटांची सालं निघाली. तारा पोलादी होत्या, गंज चढलेल्या. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींच्या टोकांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. भांडी घासताना राख लागली की डोळ्यांत पाणी यायचं. तरी दोन बोटांची ई मायनर जमली. जी मात्र जमेना. तीन बोटं तीन दिशांना ताणायची, आणि करंगळीशेजारचं बोट जागेवर पोचेपर्यंत पहिलं निसटायचं. तार दाबली जायची नाही, नुसता थप्प असा मेलेला आवाज यायचा.

"होईल काकू," एस्तेर म्हणायची. "बोटांना वेळ द्या."

"वेळच नाहीये माझ्याकडे," मी एकदा तिच्यावर ओरडलेच. मग माफी मागितली. ती म्हणाली, "माफी नको. पुन्हा करा. एक, दोन, तीन, बदला."

आणखी एक अडचण होती. उजव्या हातानं तारा छेडताना माझ्या बांगड्या गिटारच्या लाकडावर आपटायच्या. सुरापेक्षा बांगड्यांचाच आवाज मोठा. एका दुपारी मी त्या काढून खिडकीत ठेवल्या, आणि नेमक्या विमलताई आत आल्या.

विमलताई माझी नणंद. त्यांचे यजमान गेल्यापासून त्या पलीकडच्या गल्लीत एकट्या राहत. दादा आजारी पडल्यावर गाठोडं घेऊन आमच्याकडेच राहायला आल्या. दादाचं अंग पुसणं, पेज भरवणं, कूस बदलणं, सगळं त्या करायच्या आणि कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. माझा उघडा हात पाहून त्या जागच्या जागी थबकल्या.

"वहिनी, हे काय करून राहिली तू? दादा जिता आहे ना माझा!"

"वाजवताना अडतात हो. झालं की घालते."

"लोकायनं पाह्यलं तर काय म्हणतील?"

"लोक कुठून येणार? सगळं बंद आहे."

त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. फोडांकडे, कापडाच्या पट्ट्यांकडे. त्यांचे डोळे भरून आले. "तुझ्यासारखी बाई मी पाह्यली नाही, वहिनी," त्या म्हणाल्या. "नवऱ्यासाठी एवढं कोणी करते का?"

मी मान खाली घालून ई मायनर धरली. या घरात सगळ्यात अवघड ते वाक्य ऐकणं होतं. ते मी रोज ऐकत होते.

*

मेच्या मध्यापर्यंत मला दोन्ही कॉर्ड येऊ लागले. एकातून दुसऱ्यात जाताना जरा खंड पडायचा, पण जायला यायचं. रोज सकाळी आणि दुपारी मी पलंगासमोर स्टूल टाकून बसायची. विमलताई त्यांचा डावा हात धरून उशीवर ताल द्यायच्या. मी म्हणायची, "पा—णी. पा—णी. पा—णी." वर, खाली. वर, खाली.

ते खिडकीबाहेर बघायचे. कधी माझ्या तोंडाकडे बघायचे, ओठ किंचित हलवायचे, आणि मग यायचं, "बरं."

बाहेर सत्तेचाळीस डिग्री. कूलरचा घरघराट सुरू असला की सूर ऐकू येत नाही म्हणून तो बंद करायचा. घामानं गिटारची मान निसरडी व्हायची. मी म्हणत राहायची. अर्धा तास, पाऊण तास. माझ्या आवाजाला चिरा पडल्या. "चहा" म्हणून पाहिलं, "भूक" म्हणून पाहिलं, त्यांचं नाव म्हणून पाहिलं. माझं नावही म्हणून पाहिलं, "कुं—दा". "बरं."

एके दिवशी विमलताई दूध आणायला गेल्या होत्या. मी वीस मिनिटं वाजवत होते. ते हसले. आजारानंतर त्यांना कधी कधी उगाच हसू यायचं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण ते हसून म्हणाले, "बरं बरं," आणि माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. मी गिटार खाली टाकली, त्यांचा जबडा दोन्ही हातांनी धरला आणि ओरडले, "बोला! आता तरी बोला! एकदा बोला, मग नका बोलू!"

त्यांचे डोळे मोठे झाले. माझी बोटं त्यांच्या गालात रुतली होती. मागे दार वाजलं. विमलताई दुधाची पिशवी घेऊन उभ्या होत्या. मी हात काढले. त्यांच्या गालांवर माझ्या बोटांचे लाल वळ दिसत होते.

मला वाटलं, आता ही माझ्या तोंडात मारेल. त्यांनी पिशवी ठेवली आणि मला जवळ घेतलं. "नको गं एवढा जीव जाळू," त्या म्हणाल्या. "येईल त्यायचा आवाज. तुझा जीव किती आहे त्यायच्यावर, ते देव पाहून राह्यला ना."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्यांना वाटलं तशा कारणानं नाही.

*

शब्द आला तो माझ्या एका वाईट वागण्यामुळे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी सकाळपासून त्यांचा पाण्याचा पेला उचलून ठेवला. विमलताई तेव्हा आपल्या घरी साफसफाईला गेल्या होत्या. ते डाव्या हातानं स्टुलावर चाचपायचे, पेला नसायचा. माझ्याकडे बघायचे. "बरं," म्हणायचे, पण त्या "बरं"मध्ये विनवणी होती. मला कळत होतं. तांब्या माझ्या पायाशी होता. मी गिटार घेतली आणि म्हटलं, "पा—णी."

त्यांनी मान फिरवली.

"पा—णी."

ओठांवर पांढरं साचलं होतं. त्यांनी जीभ फिरवली. जी धरताना एक तार सुटली. मी पुन्हा धरली. वरचा सूर वाजवला आणि गप्प बसले. म्हटलंच नाही. नुसता सूर.

"पा," ते म्हणाले.

मी ई मायनरवर गेले.

"णी."

कोरडा, फाटका, पण सुरात. माझ्यापेक्षा सुरात. मी तांब्या उचलून त्यांच्या तोंडाला लावला. निम्मं पाणी त्यांच्या बंडीवर सांडलं. त्यांनी गटागटा घोट घेतले आणि श्वास घ्यायला थांबून पुन्हा म्हणाले, "पा—णी," आणि स्वतःच दचकले.

ते कसं आलं हे मी विमलताईंना सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी साऱ्या गल्लीला ओरडून सांगितलं होतं. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी गेली. कुणीतरी लिहिलं, "देवतळे काकू म्हणजे आजची सावित्री." खाली पन्नास लोकांनी हात जोडले. विमलताई मला ते वाचून दाखवत होत्या आणि मी पोळ्या लाटत होते.

पुढच्या दोन आठवड्यांत चहा आला. भूक आली. "दुखतं" आलं, ते तीन सुरांत बसवावं लागलं, म्हणून एस्तेरनं मला तिसरा कॉर्ड शिकवला. एक दिवस "विम—ल" आलं आणि विमलताई पदर तोंडात धरून मोरीत जाऊन बसल्या.

"काकू, हे फार मोठं आहे," एस्तेर म्हणाली. ती स्वतःही रडत होती. "आता थांबू नका. हळूहळू वाक्यं येतील."

"हळूहळू नाही," मी म्हटलं. "आज तेवीस तारीख आहे."

*

पंचवीस जूनच्या दुपारी मी शिकवणी सुरू केली आणि मोबाइल पलंगासमोरच्या खुर्चीत उभा केला, म्हणजे एस्तेरला माझी बोटं दिसतील. विमलताई स्वयंपाकघरात ओट्याशी होत्या, म्हणजे मला तसं वाटलं.

"आज नवीन शब्द कुठला?" एस्तेरनं विचारलं.

"आज वाक्य आहे."

मी गिटार मांडीवर घेतली. त्यांचा डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. ते पाहत होते. आता ते माझ्या तोंडाकडे नीट पाहायचे, वाट बघत असल्यासारखे. मी वरचा सूर वाजवला आणि म्हटलं,

"मी—जाऊ—का?"

पडद्यावरून एस्तेर म्हणाली, "काकू, वाक्य छान आहे, पण त्यांना रोज लागणारं—"

"मी धारणीला जाऊ का?" मी म्हटलं. सूर सुटला होता. पुन्हा धरला. "मी—जाऊ—का?"

इथं मला सांगायला हवं, जे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

आमच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. मूल झालं नाही. पण ते खरं दुःख नव्हतं. गावाला ज्या माणसाचा आवाज माहीत होता, तो माझ्या घरात कधी आलाच नाही. ते वाईट नव्हते. हात उचलला नाही, दारू नाही, पगार आणून हातात द्यायचे. पण बोलायचे नाहीत. मी काही सांगितलं की म्हणायचे, "बरं." माझी आई गेल्याचा फोन आला तेव्हा, "बरं, निघू या." मला बढती मिळाली तेव्हा, "बरं." पाचव्या महिन्यात माझा गर्भ पडला तेव्हा दवाखान्यात पलंगाशी बसून तासभर पंखा पाहिला आणि उठताना म्हणाले, "बरं, येतो." संध्याकाळी त्यांचं भाषण होतं. लोक मला सांगायचे, सरांचं काल काय सुंदर झालं हो. मी कार्यक्रमाला गेले तर मागच्या रांगेत बसून ऐकायची, हाच माणूस का आपला.

म्हणून मी बदली मागितली होती. दूर मेळघाटातल्या धारणीच्या पोस्टात. बढतीसकट मिळाली. अकरा मार्चला सकाळी ते पेपर वाचत असताना मी त्यांच्यासमोर उभी राहून म्हटलं, "मी धारणीला बदली घेतलीय. मी एकटी जाणार आहे. परत येणार नाही." त्यांनी पेपर खाली ठेवला. उठून उभे राहिले. तोंड उघडलं. आणि तसेच कोसळले.

त्या उघड्या तोंडातून काय यायचं होतं, ते मला हवं होतं. बाकी काही नको होतं. माझं बोलणं त्यांनी ऐकलं होतं की नव्हतं? ऐकलं असेल, तर मीच त्यांना पाडलं. डॉक्टर म्हणाले होते की रक्तदाब जुना होता, गुठळी आधीचीच असणार. डॉक्टर तिथे नव्हते. तीन महिने मी सालटं निघालेल्या बोटांनी तारा दाबत होते ती सेवा म्हणून नव्हे. मला निकाल ऐकायचा होता. शिव्या तर शिव्या. आणि तीस तारखेपर्यंत धारणीला रुजू झाले नाही, तर ती जागा जाणार होती.

"मी—जाऊ—का?"

त्यांचे ओठ हलले. गळ्याची शीर ताणली.

"का," ते म्हणाले.

खालच्या सुरात. नेमक्या माझ्या सुरात.

माझा हात थांबला. "का?" असं त्यांनी विचारलं होतं, की माझ्या वाक्याचं शेपूट नुसतं परत म्हटलं होतं? असं व्हायचं. मी "चहा" म्हटलं की कधी कधी नुसतं "हा" यायचं. मला हसावं की रडावं कळेना. तीन महिने खपून एक अक्षर मिळालं होतं, आणि ते माझंच होतं की त्यांचं, तेही समजत नव्हतं.

मी गिटार आडवी ठेवली. वाक्य बदललं. सूर काढून टाकला. सरळ, जसं त्या सकाळी म्हटलं होतं तसं म्हटलं.

"मी जाणार आहे."

आता या वाक्यात "का" नव्हता. मी वाट पाहिली. त्यांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. डावा हात माझ्या गुडघ्यावर आवळला गेला. त्यांनी स्वतःच हातानं माझ्या गुडघ्यावर एक ठोका दिला, आणि म्हणाले,

"का?"

अठ्ठावीस वर्षांत या माणसानं मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. जेवायला काय आहे, किल्ली कुठे आहे, ते प्रश्न मी धरत नाही.

"हे तुम्ही कधी विचारलंच नाहीत म्हणून," मी म्हटलं.

आणि मग मी बोलत सुटले. पंखा पाहिल्याची गोष्ट सांगितली. आईच्या फोनची सांगितली. मागच्या रांगेची सांगितली. आवाज चढला, बसला, पुन्हा चढला. पाण्याचा पेला मुद्दाम उचलून ठेवला होता तेही सांगितलं. ते ऐकत होते. डावा डोळा वाहत होता, उजवाही. एकदाही "बरं" म्हणाले नाहीत. मी संपवलं तेव्हा त्यांनी हात गुडघ्यावरून उचलून माझ्या बोटांवर ठेवला, डाव्या हाताच्या, जिथे आता घट्टे पडले होते. अंगठ्यानं ते घट्टे चाचपून पाहिले, एक एक.

"काकू," खुर्चीतून बारीक आवाज आला. मी विसरूनच गेले होते. "काकू, मी ऐकलं सगळं. बंद करायचं मला सुचलं नाही. सॉरी."

"असू दे बाळा," मी म्हटलं आणि मोबाइल बंद केला.

वळून पाहिलं तर स्वयंपाकघराच्या दारात विमलताई उभ्या होत्या.

"म्हणजे तुझ्यापायी पडला तो," त्या म्हणाल्या.

"माहीत नाही मला."

"मी तुला काय समजून राह्यली होती." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "साऱ्या गावाले सांगत फिरली मी."

"मी सांगितलं नव्हतं तुम्हाला सांगायला."

"जा तू," त्या म्हणाल्या. "मी आहे दादाले. तू जा."

*

मी गेले. ई-पास काढला, गाडी ठरवली, अठ्ठावीस जूनला सकाळी निघाले. गावात काय बोललं गेलं ते मला पुढे कळत राहिलं. व्हॉट्सॲपवरच्या त्या पन्नासांपैकी एकानंही पुन्हा माझं नाव घेतलं नाही. डिमेलोनं फोनवर सांगितलं, "गिटार घेऊन जा काकू, तुमचीच झाली ती." धारणीत मी एस्तेरकडे पुन्हा शिकवणी सुरू केली. ती म्हणाली, "आता गाणं ठरवा." ठरवायला मला दोन महिने लागले.

दर दुसऱ्या शनिवारी मी आर्वीला यायची. पहिले आठ महिने विमलताई माझ्याशी बोलल्या नाहीत, ताट मात्र वाढून ठेवायच्या. मग एका मंगळवारी ऑफिसात त्यांचा फोन आला. "वहिनी, आज दादा 'भाकर' म्हणाला." एवढंच बोलून ठेवला. ते पुढे तीन वर्षं जगले. साठेक शब्द आले असतील, त्यातले बरेचसे सुरातच. मी आले की ते "का" विचारायचे. कुठल्याही गोष्टीला. उशीर झाला, का? साडी नवी, का? बारीक झालीस हे त्यांना म्हणता यायचं नाही, तर माझं मनगट धरून विचारायचे, का? मी सगळ्याची उत्तरं द्यायची. लग्नाच्या अठ्ठावीस वर्षांत बोललो नाही तेवढं त्या शनिवारी-रविवारी आम्ही बोललो, बोलणारी मी एकटीच असले तरी.

पण त्या निघायच्या सकाळी मला यातलं काही माहीत नव्हतं. गाडी दारात उभी होती. ड्रायव्हरनं ट्रंक आत ठेवली. विमलताई मोरीत भांडी आपटत होत्या, त्या बाहेर आल्या नाहीत. मी पलंगाशी गेले. त्यांची उशी सारखी केली, स्टुलावर पाण्याचा पेला ठेवला, हाताला येईल असा.

"जाते मी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. नाही. जोरात.

आता हा माणूस मला थांबवणार, आणि थांबवलं तर मी थांबेन, हे मला तिथल्या तिथे कळलं. मी मुठी आवळून उभी राहिले. गिटार गाडीत होती. सूर द्यायला काही नव्हतं. त्यांनी डाव्या हातानं पलंगाच्या कडेवर एक ठोका दिला. ओठ फाकले. पुन्हा मिटले. कपाळावर घाम आला. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

पुन्हा ठोका.

"ये," ते म्हणाले. श्वास घेतला. आणि तीस वर्षं वर्गात चुकणाऱ्या पोरांकडे ज्या नजरेनं पाहत असतील, त्या नजरेनं माझ्याकडे पाहून पुढचं अक्षर ढकललं. "ते."

मी दोन पावलं पायथ्याशी सरकले, त्यांच्या पायांना हात लावला.

"येते," मी म्हटलं.